दाराबाहेरच्या चपला

चपला शिवणाऱ्याच्या दुकानात शिक्षिका पर्सची तुटकी चेन बदलायला आली होती. तिच्या पुढे दोघी मैत्रिणी उभ्या होत्या. एकीच्या हातात पुरुषी चपलांचा जोड होता. त्यांचं बोलणं तिला ऐकायचं नव्हतं, पण कान का कुणाला मिटता येतात?

"अगं, वर्षभरात वापरली नाही ती वस्तू घराबाहेर, एवढाच तर नियम आहे. आपल्यातल्या सगळ्याजणी करताहेत. रोज कुणी ना कुणी रिकाम्या कपाटाचा फोटो टाकतंय."

"टाकू देत."

"आणि तू भावजींच्या चपला शिवून घेतेयस! त्यांना जाऊन दोन वर्षं झाली."

"वापरात आहेत त्या."

"कोण वापरतं?"

"मीच. दाराबाहेर ठेवते. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटतं, घरात माणूस आहे. उन्हानं पट्टा तडकला म्हणून आणल्या."

"धन्य आहेस! मी बघ, ह्यांचं होतं नव्हतं ते सगळं एका दिवसात देऊन टाकलं. घर कसं मोकळं मोकळं वाटतं."

"वाटतं ना मोकळं?"

"हो तर!"

"मग दिवेलागणीला रोज माझ्याकडे का येऊन बसतेस?"

शिक्षिकेनं पर्सची चेन उगाच पुढे-मागे ओढली. दुकानदारानं चपला हातात घेतल्या.

"ताई, पट्टा शिवतो. वरून पॉलिशही करून देऊ?"

उत्तर घर मोकळं करणाऱ्या मैत्रिणीनंच दिलं.

"नको, दादा. रोजच्या पायातल्या वाटल्या पाहिजेत."