नणंदेचा आजार माझ्या नावावर

समारंभाचे अध्यक्ष, आमचे प्लान्टप्रमुख माननीय ज्ञानेशसाहेब, व्यासपीठावरील मान्यवर, क्वालिटी विभागातले माझे सहकारी, निगडीहून मुद्दाम आलेल्या डॉ. सुखदाताई आणि पहिल्या रांगेत संकोचून बसलेले आमचे यजमान सदाशिवराव, सर्वांना नमस्कार.

आज इतकं कौतुक झालं, की ही शैला कोण, असं मीच विचारणार होते. आपण सर्वांनी मला पंचवीस वर्षं सांभाळून घेतलंत. पण ‘मॅडम कधी खचल्या नाहीत’ असं साहेब म्हणाले, ते मला पास करता येणार नाही. एक्कावन्नाव्या वर्षी मी राजीनामा द्यायला निघाले होते.

पाळी थांबून वर्ष झालं होतं. अंगातून वाफा निघायच्या, रात्री डोळ्याला डोळा लागायचा नाही आणि सकाळी चाकणला येऊन ब्रेकचे पार्ट तपासायचे. एकदा खराब माल माझ्या हातून पुढे गेला. पुढच्या टेबलावर पकडला गेला म्हणून बरं. आता आपल्याच्यानं होत नाही, असं मी घरी सांगून टाकलं.

दवाखान्यात सुखदाताईंनी हार्मोनची गोळी सुचवली. यजमान ठाम नाही म्हणाले. त्यांची बहीण कस्तुरा स्तनाच्या कॅन्सरनं गेलेली. आपल्या घराण्यात तो आजार आहे, गोळीनं हीपण जाईल, असं त्यांनी ताईंना सांगितलं. आणि मलाही ते पटलं बरं का! सासरचं आडनाव घेतलं, कुलदैवत घेतलं, तसा आजारही घेतला. एका लॉटचा दोष दुसऱ्या लॉटवर लिहू न देणाऱ्या बाईला एवढं सुचू नये?

ताईंनी शांतपणे विचारलं, “बहीण कुणाची?”

“माझी.”

“मग शैलाताईंशी तिचं रक्ताचं नातं काय?”

हे हळूच म्हणाले, “पण ही मरणार तर नाही ना?”

ताईंनी काही लपवलं नाही. मोठ्या अभ्यासांत हजारो बायकांचा वर्षानुवर्षं माग ठेवला, तेव्हा गोळी घेणाऱ्यांत एकूण मृत्यू काही जास्त दिसले नाहीत, म्हणाल्या. काही गोळ्यांनी स्तनाच्या कॅन्सरचा धोका थोडा वाढतो, रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात, साठीनंतर सुरू केली तर हिशेब वेगळा. आणि आयुष्य वाढावं म्हणून तर कुणी घेऊच नये. आधी तपासण्या, मग गोळी, दरवर्षी पुन्हा तपासणी. ही भाषा मला कळत होती. गोळी सुरू झाली, रात्रीची झोप परत आली आणि राजीनामा द्यायचा राहूनच गेला. चार वर्षांनी ताईंनीच गोळी हळूहळू बंद केली.

यजमानांवर माझा राग नाही. बहीण गेल्यावर बायकोही जाईल, या धास्तीनं ते नाही म्हणत होते. नंतरच्या प्रत्येक तपासणीला रजा टाकून तेच सोबत आले.

लाइनवरच्या माझ्या मैत्रिणींनो, ‘घरगुती कारण’ सांगून नोकरी सोडण्याआधी एकदा डॉक्टरांना विचारा. गोळी सगळ्यांना चालत नाही, पण विचारायला काय हरकत आहे?

साहेब, या प्रेमाबद्दल मी आपली सर्वांची ऋणी आहे. पुरुषमंडळींसमोर असं बोलले, कुणाला अवघडल्यासारखं झालं असेल तर मोठ्या मनानं पोटात घाला. पण आज मी वय झालं म्हणून घरी चालले आहे, हरले म्हणून नाही.