माझं तोंड गोदामात जाणार नाही

मी लालबागची, जन्म चाळीतला, बाबा मालवणाकडचे, गिरणीत होते, आणि आम्हा भावंडांत मीच काय ती काळी, म्हणजे सावळीबिवळी नाही हं, काळी. शेजारणी बोलायच्या, हिचं लग्न कसं होणार? तर आई म्हणायची, माझ्या चेडवाची काळजी माका आसा, तुम्ही आपली चूल बघा. त्यामुळे मला रंगाचं कधी वाईट वाटलंच नाही. वाटायला लागलं ते दादरला साडीच्या दुकानात लागल्यावर.

तिथे काय होतं, साडी दाखवायची ती आमच्याच खांद्यावर पदर टाकून दाखवायची. शेठ बोलायचे, विजया, तू मागे राहा, फिकट रंग तुझ्यावर उठत नाही. रोज तेच, रोज तेच. मग बरोबरच्या रंजनाने एक ट्यूब आणून दिली, बोलली, रात्री लाव नि बघ. आणि काय सांगू तुम्हाला, चेहरा खरंच उजळला हो! शेठनी स्वतःहून मला पुढच्या काउंटरला उभी केली. रंजना बिचारीच्या मनात वाईट नव्हतं, ती पण तेच लावायची.

मग हळूहळू गाल लाल, ऊन लागलं की मिरची चोळल्यासारखी आग, हनुवटीवर लव, आणि ट्यूब संपली, दोन दिवस लावली नाही, तर तोंड सुजून हे एवढं. आमच्या ह्यांनी मला ओढतच सरकारी इस्पितळात नेलं. डॉक्टरीण तरुण पोर, ट्यूब बघून कपाळाला हात लावला तिने. म्हणाली, मावशी, हे क्रीम नाही, स्टिरॉइड आहे, औषध, डॉक्टर देतील तेव्हा नि तेवढंच लावायचं. तुमची कातडी पातळ झालीये. आता मी सांगते तसंच करा, आधी वाढेल, मग उतरेल, घाबरून परत लावू नका. मी विचारलं, आणि रंग? ती म्हणाली, तुमचा रंग येईल ना परत. तुमचा म्हणाली ती. मला रडूच आलं.

वाढलं, चांगलंच वाढलं. शेठ बोलले, तोंड बरं होईपर्यंत वर गोदामात बस, घड्या घाल, गिऱ्हाईक घाबरतं. मी म्हटलं, शेठ, उजळ होती तेव्हा पुढे, आता वर? मी नाही जायची. काढायचं तर कामावरून काढा, पण माझं तोंड गोदामात जाणार नाही. आणि मी तिथेच काउंटरला उभी राहिले. रंजना खाली बघत होती.

आणि त्याच आठवड्यात एक नवरीमुलगी आली, नायगावची, माझ्यासारखीच काळी, बरोबर आत्या. आत्या प्रत्येक साडीला नको नको, हा रंग हिला नको, आणि मलाच विचारते, लग्नापर्यंत हिच्या तोंडाला काय लावू हो? मी म्हटलं, मी लावलं होतं, हे बघा काय झालं. आणि लिंबूकलरचा शालू उलगडून त्या पोरीच्या खांद्यावर टाकला. पोर आरशासमोरून हलेना. तोच घेतला त्यांनी. शेठनी ऐकलं सगळं, आणि गोदामाचं नाव परत काढलं नाही. रंजना मात्र संध्याकाळी हळूच विचारायला आली, डॉक्टर कुठे बसते गं?

आता माझं काय, सकाळी कोमट पाणी, साधा साबण, टॉवेलने खसाखसा पुसायचं नाही, टिपायचं, तोंड ओलसर असतानाच डॉक्टरणीने दिलेलं मलम, बाहेर पडताना सनस्क्रीन नि छत्री. लिंबू, सोडा, व्हॉट्सॲपवरचे लेप, सगळं बंद. सासू हसते, काळीला कसली उन्हाची भीती? मी म्हणते, काळी झाली म्हणून काय आई, कातडीच आहे ना, डांबर नाही. पूर्वी रात्री मोबाइल बघत बसायची, आता वेळेवर झोपते, त्यानेही फरक पडतो, खोटं नाही सांगत.

गालावर बारीक लाल शिरा राहिल्यात, राहू देत. बाकी रंग आला माझा परत, पूर्ण आला, आणि मी पुढच्याच काउंटरला उभी असते, फिकटातला फिकट पदर खांद्यावर टाकून. ज्याची त्याची कातडी ज्याला त्याला सुखाची लागो, एवढंच माझं मागणं. आणि कोणी विचारलं, हिचा रंग असा का, तर सांगायचं, असाच आहे.