धुऊन दाखवलेली गाडी

हॅलो?

हो, वहिनीच बोलतेय. बोल गं… अभिनंदन? कसलं अभिनंदन?

कुठली गाडी ठरली?… थांब, थांब. परत सांग. ती पांढरी? आम्ही सकाळी बघून आलो ती?… आणि ठरवली कोणी?

तू. बरं. तुला कोणी सांगितलं ठरव म्हणून?… दादाने. अच्छा. काय म्हणाला दादा, जसंच्या तसं सांग मला… "गाडी एकदम स्वच्छ आहे." एवढंच? पुढे काही नाही?… बेल्टचं काही बोलला नाही? सीटबेल्टचं?

नाही बोलला. वा. धन्य आहे तुझा दादा.

बाथरूममध्ये आहे, दुसरीकडे कुठे असणार? बाळाची सीट घासतोय… हो, तुझ्याच लेकाची, मागच्या सुट्टीत तू इथे विसरून गेलीस ती. आल्यापासून दार लावून घासतोय. मला वाटलं तुला फोन करून झाला, सगळं सांगून झालं, म्हणून बसलाय घासत. मला काय ठाऊक, हा मूग गिळून बसलाय.

तू कुठे आहेस? ड्युटी संपली?… मग बस कुठेतरी आधी. बसलीस? ऐक. ती गाडी पाण्यात बुडालेली आहे.

हो. बुडालेली. पुरात… अगं, खालच्या गावांमध्ये पूर आला होता ना, गाड्या खिडक्यांपर्यंत पाण्यात उभ्या होत्या, तूच फोटो पाठवले होतेस. त्या गाड्या नंतर गेल्या कुठे असं वाटतं तुला? वाळवल्या, पुसल्या आणि लांब कुठेतरी नेऊन विकायला लावल्या. त्यातली एक तुझ्या गळ्यात मारतायत.

खात्री म्हणजे? मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय… हो, सांगते ना. अगं ऐक तर. मधे मधे "पण दादा", "पण दादा" करू नकोस, तुझ्या दादाचंच सांगतेय.

पहिल्यांदा तो एकटाच गेला होता गाडी बघायला, माहितीये ना तुला. आला तो इतका खूश. मी विचारलं, गाडी कशी आहे? तर म्हणे, विकणारा माणूस फार सज्जन आहे. म्हटलं, माणूस कुठे घ्यायचाय आपल्याला? गाडी कशी आहे? तर म्हणे, पंख्याखाली बसवलं, चहा दिला, तब्येतीची चौकशी केली. त्या गोडबोल्याने याच्या गुडघ्याची चौकशी केली गं. झालं. तुझ्या दादाच्या गुडघ्याची कोणी चौकशी केली की तो घरदार लिहून द्यायला तयार.

मग मी म्हटलं, ते राहू दे, आपला मेकॅनिक घेऊन जा. तेवढं मात्र ऐकलं. गोडबोल्याने गाडी ट्रायलला दिली, मेकॅनिक दुपारी येणार होता. आता तू मला सांग, मेकॅनिक येणार म्हटल्यावर तुझ्या दादाने काय केलं असेल?

…ओळखलंस. भावंडं आहात खरी. गाडी धुवायला नेली.

नुसती धुतली नाही. आतून शाम्पू, सीटा काढून ब्रश, मॅट, डिकी, इंजिनाला वाफ. सकाळभर उभा राहून करून घेतली. म्हणे, परक्या माणसाला घाणेरडी गाडी कशी दाखवायची. मी कपाळाला हात लावला. तो मेकॅनिक आहे, सोयरीक जमवायला नाही आलेला.

हसू नकोस. हसण्यासारखं नाहीये हे… हो, माहितीये, नळाच्या वेळी पण तेच केलं होतं. प्लंबर येणार म्हणून गळका पाइप पुसून, कोरडा करून, वर फडकं गुंडाळून ठेवलं, आणि प्लंबर बिचारा गळतं कुठे ते शोधतोय. आणि तुमची आई? डॉक्टर कोपराची पुरळ बघायला आले तर आधी चोळून आंघोळ, वर पावडर. तुमच्या घराण्यात दुखणंसुद्धा आवरून मग दाखवायचं असतं.

तर मेकॅनिक आला. मॅटखाली हात घातला, म्हणाला, ओलं आहे. तुझा दादा म्हणाला, शाम्पू केलाय ना. वास घेतला. गुलाबाचा. इंजिन उघडलं तर चकचकीत, त्यावरच जेवण वाढून घ्यावं असं. डिकीत सुटं चाक ठेवतात ना, तो खड्डा बघितला, तर तोसुद्धा पुसलेला. शेवटी त्याने विचारलं, गाडी कोणी धुतली? आणि तुझा दादा छाती पुढे काढून म्हणाला, मीच. त्या माणसाने हातातली बॅटरी बंद केली. म्हणाला, साहेब, मी आता बघू काय? गाळ, गंज, डाग, जे बघायला मी आलो तेच तुम्ही पुसून टाकलंत. मी चांगली पण म्हणणार नाही, वाईट पण म्हणणार नाही. आणि गेला. गोडबोल्याने तर घरी जाऊन पेढेच वाटले असतील.

तेच तर. इथेच थांबला असता तरी चाललं असतं. पण नाही, म्हणे मेकॅनिकने दोष काढला नाही… अगं, काढला नाही आणि सापडला नाही यात काही फरक आहे की नाही?

म्हणून आज सकाळी मी गेले बरोबर. हो, म्हटलं मी येणार, आणि बाळाची सीट पण घेणार. तू डोंगरातल्या वस्त्यांवर पेशंट बघत फिरणार, आणि पोराला सांभाळायला कोणी नसेल तेव्हा तो मागे बसणार, तर ती सीट त्यात बसते की नाही ते तरी बघू. तुझा दादा आधी सीट पुसायला बसला. ते जाऊ दे.

गेले तर काय, आत शिरले आणि मला शिंकच आली. आरशाला सुगंधी डबी, एसीच्या जाळीत दोन, सीटखाली आणखी एक. म्हटलं, एवढं कशाला लपवताय? तर गोडबोल्या म्हणतो, ताई, आम्ही गिऱ्हाइकाच्या आनंदासाठी करतो. पुढच्या दिव्याच्या काचेवर दव होतं. बाहेरून नाही गं, आतून. मी दाखवलं तर म्हणतो, पहाटे गारठा होता. त्याच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये माझ्या पाठीला घामाची धार लागली होती, आणि याच्या दिव्याला गारठा. आणि तुझा दादा मान डोलावतोय.

हो, बेल्टचंच सांगतेय. बाळाची सीट मागे ठेवली. ती बांधायला बेल्ट पूर्ण बाहेर ओढावा लागतो, शेवटपर्यंत. तू ओढतेस की नेहमी. एरवी तो भाग आत गुंडाळलेला असतो, कोणाला दिसत नाही. मी ओढत गेले. आधी काळा, स्वच्छ. मग शेवटी शेवटी बाहेर आला तो मातकट. चिखल गं, वाळलेला, धाग्या-धाग्यात बसलेला. आणि वरती सरळ रेघ. पाणी जिथपर्यंत चढलं होतं तिथपर्यंत. दुसऱ्या बाजूचा ओढला. तिथेही तीच रेघ, त्याच उंचीला.

शाम्पूवाला तिथवर कशाला पोचेल? तुझा दादासुद्धा नाही पोचला, तर.

गोडबोल्या? तो म्हणाला, कोणाचा तरी चहा सांडला असेल. म्हटलं, दोन्ही बाजूंना, एकाच मापाचा चहा? तर हसला. हसला गं तो, माझ्याकडे न बघता, तुझ्या दादाकडे बघून, बायकांचं काय मनावर घ्यायचं असं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

आणि तुझा दादा… तेच सांगायचं होतं तुला. तुझ्या दादाने बेल्ट हातात घेतला, नखाने खरवडून बघितला आणि म्हणाला, "ब्रश मारला की निघेल."

हो. असंच म्हणाला… नाही गं, मी का खोटं सांगू?

मेकॅनिकला मी तिथूनच फोन लावला. म्हणाला, बेल्टला पाणी लागलं म्हणजे आतल्या तारा बुडाल्या. आज चालेल, उद्याही चालेल, तारा आतल्या आत गंजत राहतील, आणि मग एक दिवस चालता चालता बंद. दिवे, ब्रेकला जोर देणारी यंत्रणा, सगळं. एअरबॅग उघडेल की नाही ते देव जाणे. तू कुठून येतेस-जातेस? त्या वळणावळणाच्या रस्त्याने, एका बाजूला दरी. आणि मागे तुझं पोर.

…

आहेस ना? हॅलो?… हं. वाटलं लाइन गेली.

येताना रिक्षात सीट मांडीवर घेऊन बसला होता. मी विचारलं, तिला मी सांगू का? तर म्हणाला, नको, तिने माझ्या भरवशावर टाकलंय, मीच सांगतो. आणि सांगितलं काय, तर गाडी स्वच्छ आहे.

बरं, आता ते सोड. गोडबोल्याला फोन लाव आणि सांग नको म्हणून… का?

निघालाय? गाडी घेऊन? कधी?… म्हणजे अजून त्याच्याकडेच आहे, संध्याकाळी निघणार. मग झालं की. फक्त नाही म्हणायचंय. कागदांवर सही केली नाहीस ना?… मग अडलंय कुठे?

…काय म्हणालीस?

परत म्हण. मला नीट ऐकू दे.

"दादाला वाईट वाटेल."

बाई गं. अगं, तू शुद्धीवर आहेस ना? दादाने उन्हातान्हात खेटे घातले, दादाने पदरमोड करून गाडी धुतली, दादाला वाटेल माझ्यावर विश्वास नाही… आणि म्हणून तू त्या बुडालेल्या गाडीत पोराला बांधून डोंगर चढणार? तो म्हणतो तिला कसं सांगू, तू म्हणतेस त्याला कसं सांगू, आणि मधल्यामध्ये तो गोडबोल्या गाडी खपवणार. इतकी चांगली माणसं आहात तुम्ही दोघं की मला तुमची भीती वाटते. खरंच सांगते, हसू येत नाही, भीती वाटते. लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय, या घरात कोणी कोणाला दुखवत नाही आणि सगळ्यांचं नुकसान होतं.

रडू नकोस… रडतेस कशाला? मी रागावले तर रागावले, पण तुझ्या पोराचा विषय आहे म्हणून रागावले. मला काय तो परका आहे?

थांब. दार वाजलं. आला बाहेर.

अरे, तुझ्या बहिणीचा फोन आहे… तुला सगळं ऐकू आलंय, उगाच हात पुसत उभा राहू नकोस… नाही, फोन नंतर. आधी मला सांग. भाच्याला त्या सीटवर तू स्वतःच्या हाताने बसवशील? तो बेल्ट लावशील? आणि गाडी जाताना खाली उभा राहून हात हलवशील?… मी बेल्ट धुशील का विचारलं नाही. बसवशील का विचारलं.

…

बोल ना. ती तिकडे कानाला फोन लावून बसलीय.

…

ऐकलंस का गं?… नाही ऐकू आलं? हळू बोलला. "नको" म्हणाला.

हो, खरंच. एवढंच. "नको"… मला पण पटत नाहीये. इतक्या वर्षांत मी त्याच्या तोंडून हा शब्द ऐकला नव्हता, जेवताना तिसऱ्यांदा वाढलं तरी घेतो… नाही, वाईट नाही वाटलेलं त्याला. म्हणजे वाटलंय, डोळे भरलेत त्याचे. पण उभा आहे इथेच, पळून नाही गेला. माझ्याकडे बघून मान हलवतोय. रागवायचं नाही म्हणतोय तुला. आता कोण कोणावर रागवणार आहे या घरात.

आता तू. लगेच लाव त्या गोडबोल्याला… काय सांगायचं म्हणजे? नको आहे असं सांगायचं… "नंतर कळवते" नाही. "घरी विचारून सांगते" पण नाही. त्याचे आभार मानायचे नाहीत. चहाबद्दल तर अजिबात नाही. तो तुझ्या तब्येतीची चौकशी करेल, मुलाचं विचारेल. करू दे. तू "गाडी नको" म्हणायचं आणि फोन ठेवायचा.

म्हणून दाखव मला.

…हे काय, मांजरीसारखं? मोठ्याने… आणखी मोठ्याने. तुझ्या दादाला इथे उभ्या उभ्या ऐकू आलं पाहिजे.

…हं. आलं त्याला ऐकू.

आता जा, लाव त्याला. ठेव फोन… हो, बाळाला पापा. ठेव… हो गं, सांगते त्याला. ठेव ना… अगं तू ठेव आधी… नाही, तुमच्यातलं कोणी ठेवणारच नाही. मीच ठेवते.