कलप सुकेपर्यंत

—मान हलवू नका साहेब, कलप कानावर उतरेल. आता तो सुकेपर्यंत बसायचं गप, तोवर मी दाढी उरकतो. इतकी वर्षं या कान्हूच्या खुर्चीत बसताय, पण कलपाचं नाव काढू दिलं नाय कधी — म्हणायचात, पर्सनल म्यानेजरचे केस पांढरेच बरे, कामगार वचकून असतात — आणि आज आपणहून! लेकीचं जमलं वाटतं कुठं? नाय? बरं, सांगायचं नसंल तर राहू द्या. पण कामाच्या दिवशी, भर दुपारी, आणि दाराशी जीप पण नाय, म्हणून आपलं विचारलं. गाल फुगवा जरा. हां.

तर विशालचं सांगत होतो, माझ्या थोरल्याचं. आयटीआय झाला, फिटर झाला, चांगल्या मार्कांनी — आणि आता म्हणतो काय, बाबा, मला पेणला सलून टाकायचंय! स्टँडसमोर गाळा बघून ठेवलाय. मालकाला आज संध्याकाळपर्यंत होय-नाय कळवायचंय, आणि माझ्या होकारासाठी सकाळपासून घरात तोंड फुगवून बसलाय. मी म्हटलं, अरे, वस्तराच धरायचा होता तर आयटीआय कशाला केलंस? तर मलाच शिकवतो. बाबा, म्हणतो, नोकरी पण धंदाच हाय, फक्त गिऱ्हाईक एकच. ते उठून गेलं की दुकान बंद. तुमचं एक रुसलं तर बाकीची हायतच की. — हाय की नाय उलट्या डोक्याचा? हसू नका साहेब, वस्तरा हाय गालावर.

आता हे असलं त्याला शिकवलं कोणी? मीच! दुसरं कोण? दिवसभर इथं उभा राहून हेच तर बडबडत असतो — कंपनीत संप होवो नायतर टाळं लागो, दाढी थांबते काय? संपात तर जास्तच वाढते! कोणाला सलाम नाय, कोणाचं कार्ड पंच नाय, मी माझा मालक. लहानपणापासून ऐकत आला ना पोरगा. पण साहेब, ते बोलायचं असतं हो. तुमची कंपनी धाटावला उभी राहिली तेव्हा मी पण होतो गेटवर, रांगेत. नवीन लग्न झालेलं. काय येतं विचारलं, मी म्हटलं केस कापतो — तर अख्खी रांग हसली. परत गेलो नाय तिथं. पण तुमचा शिपाई आजारी पडला तरी त्याचा पगार चालू, आणि मी तापात उभा राहिलोय इथं, खुर्चीला धरून. आईचं सुतक फिटलं त्याच दुपारी दुकान उघडलं. मालक कसला! मी जळतो साहेब, पहिल्या पाळीचा भोंगा झाला की अजून जळतो. हे बायकोला पण बोललो नाय कधी.

आता तुम्ही म्हणाल, तुमच्याच कंपनीतल्या, गडब गावच्या पोपटचं काय झालं? व्हय, तो पण पर्मनंटच होता. तुम्हीच बसवून समजावलंत त्याला, व्हीआरएस घे म्हणून. अजून पहिल्या पाळीच्या टायमालाच येतो दाढीला. म्हटलं, पोपट, आता कुठं जायचंय तुला? तर म्हणतो, कुठं नाय रे, जाग येते. वाईट वाटतं बघून. पण त्याला वर कोणी नव्हतं ना साहेब! विशालच्या पाठीशी तुम्ही असाल. म्हणून म्हणतो, एक शब्द टाका. मी त्याला न विचारताच त्याचं नाव देऊन आलोय तुमच्या ऑफिसात — कळलं तर घर डोक्यावर घेईल. कंत्राटावर घ्या, डोलवीच्या कारखान्यात कोण ओळखीचं असंल तर तिकडं चिकटवा, पण चिकटवा. तुमचा शब्द कोण मोडतोय?

झाली दाढी. तुरटी फिरवतो. आता बोला, टाकाल ना शब्द? — काय? — उद्या मुंबईला? इंटरव्ह्यूला? कोणाच्या, धाकट्या चिरंजीवांच्या? —

तुमच्या?

या वयात — नाय, म्हणजे वय कुठं दिसतंय, त्याच्यासाठीच तर — आणि मी आपला लेकीचं लग्न काढून बसलो. कधी सांगितलं कंपनीनं, उद्यापासून येऊ नका म्हणून? — आणि घरी माहीत हाय? — बरं. नका बोलू. बोलू नका, मिशीला लावतोय, ओठ मिटून ठेवा. कानामागं एक बट राहिली पांढरी, ती अशी राहू द्यायची नाय, माणसं तिथंच बघतात. थांबा. हां. या आता नळाखाली, धुतो. वाका.

घ्या, बघा आरशात. दहा वर्षं मागं गेलात. पाकीट आत ठेवा, आज नाय. — विशालचं? विशालचं काय? मी काय बोललोच नाय आणि तुम्ही काय ऐकलं नाय. नाव तेवढं काढून टाकायला सांगा कोणालातरी, अजून कोण ऐकत असंल तर. — नाय, दुसरं गिऱ्हाईक नाय घेत आता. फळी लावतो, संध्याकाळ व्हायच्या आत मला घर गाठायचंय.

आणि असं उभं राहू नका दारात. जमलं तर या सांगायला, नाय जमलं तरी या. मला काय, तुम्ही काय एकटेच गिऱ्हाईक नाय माझे. जा. जा म्हणतो ना, आज रात्री मुंबई गाठायचीय, पनवेलची गाडी चुकेल.