हसनभाईंची समीक्षा

समीक्षकांचं मला सांगू नका. मी आयुष्यात एकाच समीक्षकाला भ्यालोय, ते म्हणजे आमच्या मंगळवार पेठेतले न्हावी, हसनभाई. गिऱ्हाईक नसलं की ते वाचनालयातल्या कादंबऱ्या वाचत बसायचे.

त्या दिवशी मी गडहिंग्लजला मुलगी बघायला निघालो होतो. दाढीला बसलो, एक गाल झाला आणि हसनभाई थांबले.

"मास्तर, ती जादूगाराची कादंबरी झकास हाय. गुडघ्यापत्तर दाढी हाय त्याची. लेखकाला कळतंय. पर ही नवी विज्ञानाची द्या फेकून. हिरो काचंच्या पेटीत दोनशे वर्षं झोपतोय आणि उठला की थेट पोरीला भेटाय जातोय. दाढी कुठं गेली?"

मला राहवलं नाही. म्हटलं, "नीट वाचा की. झोपायच्या आधी तो दाढी न वाढायची गोळी घेतो."

हसनभाईंनी वस्तरा पुसला, मिटला आणि ते शांतपणे बाकावर जाऊन बसले.

"मग दुसऱ्या गालाला तीच गोळी घ्या की."

साबण वाळत चालला होता. एसटीला वीस मिनिटं होती.

मी म्हटलं, "हसनभाई, कादंबरी एकदम टुकार हाय."

तेव्हा कुठं वस्तरा उघडला.