वहिनीच्या गोळ्या

वहिनी : एका पायावर भार देऊ नका, भावजी. एक पाय आखूड होईल पँटचा.

भावजी : सरळच उभा आहे गं. तूच वाकून बघतेयस.

वहिनी : मला शिकवू नका. आणि ही पँट आता शेवटची आत घेतेय. कंबरेचं इतकं कापड आत गेलंय की मागचे दोन्ही खिसे एकमेकांना भेटायला आलेत.

भावजी : भेटू देत. नवा युनिफॉर्म मिळेपर्यंत हीच घालायची. उद्या काय आहे ठाऊक आहे ना?

वहिनी : नसायला काय झालं? तुमच्या दादांनी दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलंय. भावाला घाटाची गाडी मिळाली. चेन बदलायला आलेली बाई बिचारी चेन न बदलताच गेली.

भावजी : इतकी वर्षं शहरात बस चालवून सिग्नलला थांबून थांबून कंटाळलो बघ. साहेब म्हणायचे, तुझं पोट स्टिअरिंगला अडतं, तुला घाटात कसं पाठवू. आता म्हणावं बोला.

वहिनी : आता काय म्हणतात?

भावजी : विचारतात, कसं काय कमी केलंस. मी सांगतो, चालतो रोज. तळ्याला फेऱ्या मारतो.

वहिनी : ऑपरेशनचं अजून नाही सांगितलंत?

भावजी : कशाला? म्हणतील, स्वतःच्यानं झालं नाही म्हणून पोट कापून घेतलं. तुला डेपोतली तोंडं माहीत नाहीत.

वहिनी : बरं, हलू नका. टाचणी लावतेय.

भावजी : हललो नाही.

वहिनी : भावजी.

भावजी : आता काय?

वहिनी : टोचलं नाही तुम्हाला?

भावजी : काय टोचलं?

वहिनी : खाली बघा. माझ्या हातून टाचणी घोट्यात गेली. मोज्यावर रक्त आलंय.

भावजी : अरे हो की. कळलंच नाही. मोजा जाड आहे हा.

वहिनी : मोजा जाड असेल, कातडी तर तुमचीच आहे ना? बसा त्या स्टुलावर. डोळे मिटा.

(वहिनी त्याचा मोजा उतरवते आणि कापडावर खुणा करायचा खडू पावलावर ठिकठिकाणी टेकवून बघते.)

वहिनी : आता कुठे लावला खडू?

भावजी : टाचेला.

वहिनी : आणि आता?

भावजी : आता नाही लावलास.

वहिनी : डोळे उघडा. अंगठ्यावर आहे.

भावजी : बसून बसून पायाला मुंग्या येतात, वहिनी. सगळ्याच ड्रायव्हरांना येतात.

वहिनी : गोळ्या घेताय ना?

भावजी : दादा कुठे गेलाय?

वहिनी : दादांचं राहू दे. मी काय विचारलं?

भावजी : घेत होतो गं. सुरुवातीला अगदी रीतसर. पण डेपोत डबी काढली की चार डोकी वाकून बघणार. कसल्या रे गोळ्या? एकाला सांगितलं ॲसिडिटीच्या, दुसऱ्याला सांगितलं डोकेदुखीच्या. दोघं एकाच बाकावर जेवायला बसले आणि माझं बिंग फुटायची वेळ आली. म्हटलं, घरीच घेऊ. घरी राहून जायचं. आणि मला बरं वाटत होतं. धडधाकट माणसानं औषध कशाला खायचं?

वहिनी : ते औषध नाही, जीवनसत्त्वं आहेत. तुमची आणि माझी आतड्याची वाट बदललीय. जेवलेलं सगळं अंगी लागत नाही आता; ही कमी पडली की पायाच्या नसा अशा बधिर होतात. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, जन्मभर घ्यायच्या. तुम्ही मान डोलावलीत, मी शेजारीच बसले होते.

भावजी : म्हणजे गाडी बाहेरच्या रस्त्यानं काढली की मधल्या स्टॉपवरचे पासिंजर राहतात, तसं.

वहिनी : तसंच. त्या राहिलेल्यांना मग रोज हाताला धरून आणून बसवावं लागतं.

भावजी : तू आणतेस रोज?

वहिनी : तो काउंटरवरचा डबा उघडा.

भावजी : हा? यात बटणं असतात ना?

वहिनी : उघडा तर.

भावजी : बापरे, सगळ्या गोळ्याच. गिऱ्हाइकांसमोर घेतेस?

वहिनी : त्यांच्यासमोरच माप घेते, त्यांच्यासमोरच गोळी घेते. कोणी विचारलं तर सांगते, माझं ऑपरेशन झालंय. सुरुवातीला दोघीतिघी कुजबुजल्या. नंतर त्याच एकटं गाठून विचारायला लागल्या.

भावजी : आणि कधी चुकलं नाही?

वहिनी : चुकलं की. तुमच्या दादांनी चुकवलं. मला गिळताना त्रास होतो म्हणून त्यांनी मायेनं सगळ्या गोळ्या खलात कुटल्या. एकच पूड, सकाळी चहाबरोबर हातात आणून द्यायचे. लोह, कॅल्शियम, सगळं एकत्र, त्यावर चहा. मी राणीसारखी बसून घ्यायची. रक्त तपासलं तर लोह पार तळाला. केस मूठमूठ हातात यायचे.

भावजी : पण गोळ्या तर पोटात जात होत्या.

वहिनी : लोह आणि कॅल्शियमची भाऊबंदकी आहे. एकत्र गेले की एक दुसऱ्याला आत शिरू देत नाही. चहाही लोहाच्या वाटेत आडवा येतो. डॉक्टरीणबाईंनी हे सांगितलं तेव्हा तुमचे दादा तिथेच रडायला लागले. इतका दांडगा माणूस, म्हणे मीच हिला आजारी पाडलं.

भावजी : दादा बोलला नाही कधी.

वहिनी : कसा बोलेल? तेव्हापासून लोह सकाळी, कॅल्शियम जेवणानंतर थोडं थोडं, आणि चहा आला की ते माझ्या हाताकडे बघतात.

भावजी : आई दवाखान्यात होती तेव्हाही घेत होतीस?

वहिनी : तेव्हाही.

भावजी : तू मधेच उठून पाण्याच्या नळाकडे जायचीस. मला वाटायचं, रडायला जाते.

वहिनी : गोळी घ्यायला जायचे. एखाद्या वेळी दोन्ही.

भावजी : खरं सांगू, वहिनी? तू बारीक झालीस तेव्हा आम्ही सगळ्यांनी कौतुक केलं. मला वाटायचं, ऑपरेशन झालं, सुटली. हे रोजचं कोणी पाहिलंच नाही. मी तर तुझ्याच घरात वाढलो, मीही नाही. मला जमलं नाही बघ. तुझ्याइतकं चिवट माणूस मी पाहिलेलं नाही.

वहिनी : कौतुक नंतर करा. उद्या घाटात जायचं नाही तुम्ही.

भावजी : असं नको म्हणूस.

वहिनी : आधी डॉक्टर.

भावजी : ब्रेक व्यवस्थित लागतो माझा. अंगवळणी पडलंय सगळं.

वहिनी : पायाला ब्रेक कळतो का, की सवयीनं दाबता?

(भावजी खाली वाकून मोजा पुन्हा चढवू लागतो.)

वहिनी : भावजी?

भावजी : परवा सिग्नलला खाली वाकून बघितलं. पाय ब्रेकवर आहे की नाही ते कळेना.

वहिनी : गाडीत माणसं होती?

भावजी : उभी होती, इतकी भरलेली.

वहिनी : आणि हे तुम्ही पोटात ठेवून घाटात निघाला होतात.

भावजी : इतकी वाट पाहिली होती गं त्या गाडीची. बरं होईल ना हे?

वहिनी : ते मला नाही सांगता येणार. वेळेवर गेलं तर सुधारतं म्हणतात. रक्त तपासतील, इंजेक्शनं देतील. मी शिवणारी बाई, मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. पण सोबत येईन. रोज गोळी घेतलीत का विचारून जीवही खाईन.

भावजी : फोन दे तो.

वहिनी : आधी पाणी प्या.

भावजी : दे, नाहीतर पुन्हा कच खाईन. हॅलो, साहेब? मी बोलतोय. उद्या घाटाच्या गाडीवर दुसऱ्या कोणाला तरी पाठवा. नाही, भांडण नाही. पायाला स्पर्श कळत नाहीये… नाही साहेब, वजन चालून नाही घटलं. मी खोटं बोललो. ऑपरेशन करून घेतलं होतं. वजनाचं. त्यानंतरच्या गोळ्या घ्यायच्या असतात, त्या मी तुम्हा सगळ्यांना लाजून सोडल्या… हो. भावाच्या दुकानात आहे… हो साहेब.

वहिनी : काय म्हणाले?

भावजी : घाटाला दुसरा ड्रायव्हर लावतो म्हणाले.

वहिनी : आणि मग?

भावजी : म्हणाले, तुझ्या स्कूटरला हात लावू नकोस. मी गाडी घेऊन येतो डॉक्टरकडे न्यायला, तू शेजारी बस.