इराकचं तेल, कुरुंद्याची कढई

...न्हाई, पण मला एक सांगा, डिझेलचा वास ह्यो काय एकट्या माझ्याच, ह्या संतरामच्याच घरून निघतो का? आमच्या कुरुंद्यात कुणाचं बी लग्न निघू द्या, हळद वाटायला घेतली का बाया तोंडाला पदर लावून हसत्यात, आन् एखादी म्हातारी मुद्दाम माझ्याकडं बघून म्हणती, "बाई, आधी हुंगून घ्या गं." बरं, हुंगा. पण हे कसं झालं, काहून झालं, हे कुणी इचारतं का? तुमाला सांगतो, ह्याच्यात माझा गुन्हा काडीचा न्हाई. समदा गुन्हा इराकचा हाय.

दोन हजार तीन साल. माझी पोरगी प्रियदर्शनी, एकुलती एक, तिचं लग्न शिरड शहापूरच्या जळबारावांच्या पोराशी ठरलेलं. तारीख मे महिन्याची, लग्न त्यांच्या दारात, म्हंजे वऱ्हाड आमी न्यायचं. समदं बराबर चाललं व्हतं, आन् फेब्रुवारीत माझा भाचा भागवत आला. हिंगोलीच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकून राहिला व्हता. अर्थशास्त्र म्हंजे कसं, घरातली साखर संपली तर आपण म्हणतो साखर संपली, ते म्हणतेत पुरवठा विस्कळीत झाला... तर भागवत म्हणतो, "मामा, लढाई लागणार. जगाचं तेल एका चिंचोळ्या खाडीतून बाहेर पडतं, ती तुंबली का नळ बंद. आन् नळ चालू राहिला तरी चाळीस वर्षांत जमिनीतलं तेल खलास. तेल वाढलं का भाडं वाढतं, भाडं वाढलं का मीठ वाढतं, मीठ वाढलं का..."

"का काय?"

"का मामा, मग इकॉनॉमी."

येवढं म्हणून पोरगं गप बसलं. ते गप बसलं म्हणून तर मला जास्ती भ्या वाटलं. डोळ्यापुढं दिसायला लागलं ना, ट्रक उभा हाय, ट्रकात वऱ्हाड, बँडवाले टपावर, पोरगी मुंडावळ्या बांधून पुढं बसलेली, आन् ड्रायव्हर म्हणतोय, काका, जगातलं तेल संपलं... मुहूर्त टळला, व्याह्यानं पाठ फिरवली, पोरगी तशीच ट्रकात... पोरीच्या बापाला असलं दिसल्यावर तो काय करंल? डिझेल भरून ठेवंल. सांगा, चुकलं का माझं?

आमची कारभारीण सखुबाई म्हणती, "शिरडला जायला इराकचं तेल कशाला लागतं? सकाळी बैलगाड्या जुंपल्या का दुपारच्या आत पोचतो." घ्या. एकुलत्या एका पोरीचं वऱ्हाड बैलगाडीतून न्यावं, आन् जळबारावांच्या दारात बैलानं आधी शेण टाकावं, मग आमी उतरावं. मी तिच्या नादाला लागलोच न्हाई. वसमतच्या पंपावर रोज कॅन घेऊन उभा. तिथला माणूस शेवटी म्हणतो, "चाचा, ट्रॅक्टर किधर है? खुद पी रहे हो क्या?"

ड्रम भरला, कॅन भरले, रांजणाकडं वळलो तर सखुबाई रांजणापुढं उभी ऱ्हायली, "हात तर लावून बघा." मग ऱ्हायली काय, तर हळद शिजवायची कढई. तुमाला म्हाईतच हाय, आमच्याकडं हळद काढली का मोठ्या लोखंडी कढईत शिजवतेत, मग वाळवतेत. माझी हळद बाजारात गेली व्हती, घरच्यापुरती आन् लग्नापुरती तेवढी मागं ठेवली व्हती, निवडक कंद. ते शिजवायचे ऱ्हायले व्हते, म्हणून कढई अंगणात रिकामी पडलेली. आता रिकामी कढई आन् हातात डिझेल, माणसाला दुसरं काय सुचंल? भरली. वर पत्रा, पत्र्यावर धोंडा. घरात बिडी बंद, उदबत्ती बंद, देवाला दिवा लावायचा तो बी गल्लीत उभं राहून. सांगा, इतकी काळजी घेतली, चुकलं का माझं?

लागली लढाई. समदं गाव टीव्हीपुढं हळहळून राहिलं, आन् मी एकटा आतून गार. म्हणलं आता बघा, डिझेलला सोन्याचा भाव येतो का न्हाई. तर लढाई तरी किती दिवस टिकावी? औंढ्याच्या जत्रेवानी आली का गेली, आन् तेलाचा भाव चढायचा सोडून उतरला. धरलं भागवतला. तो म्हणतो, "मामा, बाजारानं लढाई आधीच गृहीत धरली व्हती."

"मंग मला तवाच काहून न्हाई सांगितलं?"

"मामा, हे लढाई झाल्यावरच सांगता येतं."

काय करता अशा पोराचं? बरं, म्हणलं निदान ट्रकात तरी घालू. तांड्यावरच्या मोहनसिंगचा ट्रक ठरवला व्हता. त्यानं कढईत बोट बुडवलं, बोट पिवळं. म्हणतो, "काका, ह्याच्यात जुन्या हळदीचा गाळ उतरला. ह्यानं इंजिन चालवू का इंजिनाला नवरदेव करू?" त्यानं ड्रमाला बी हात लावला न्हाई, पंपावरून ताजं भरून घेतलं, माझ्यापेक्षा सस्त्यात.

मग कढई उपसली. राखेनं घासली, चिंचेनं घासली, सोड्यानं घासली, आन् लग्नाची हळद शिजवली. वास? मला आला न्हाई. त्या वासात राहून राहून माझं नाक मेलं व्हतं. सखुबाईचं बी मेलं व्हतं, पण तिला कुणी काय म्हणत न्हाई. आन् जळबारावांचाच हट्ट, "व्याही, हळद तुमच्या शेतातलीच पाहिजे, कुरुंद्याची." धाडली. त्यांनी नवरदेवाला चोळचोळून लावली, त्यातली उष्टी हळद रीतीपरमानं आमच्या दारात आली, ती प्रियदर्शनीला लागली.

दुसऱ्या दिवशी वऱ्हाड घेऊन पोचलो. बघतो तर मांडवात नवरदेव एकटा. पिवळाधमक, देखणा, पण एकटा. बिडी ओढणारे पार लिंबाच्या झाडापलीकडं. त्याची बहीण निरांजन घेऊन ओवाळायला आली, तर तिच्या नवऱ्यानं मागून पदर धरलेला, "तिथूनच ओवाळ, तिथूनच." आन् माझी पोरगी खाली मान घालून बसलेली, एकदा बी माझ्याकडं बघंना.

जळबाराव आले. तोंड असं. "संतरामराव, जरा हिकडं या." मांडवामागं नेलं. "ही हळद हाय का काय हाय? माझं पोरगं पेटवायचा इचार हाय का तुमचा? अक्षता पडायच्या आधी जवाब पाहिजे, न्हाई तर..."

न्हाई तर म्हणल्यावर मी पुढचं ऐकलंच न्हाई. त्यांच्या पायावर ठेवायला टोपी काढली, खाली वाकलो, लांब श्वास घेतला... आन् माझं मेलेलं नाक उठून बसलं. ह्यो डिझेलचा वास हळदीतून येत नव्हता. बाजूलाच वरणाचं मोठं पातेलं चुलवणावर, आन् आचारी मान वर न करता ढवळून राहिला. मी पातेल्याकडं बघितलं. जळबारावांकडं बघितलं. जळबारावांनी आचाऱ्याकडं बघितलं.

हळूच इचारलं, "व्याही, ह्या पातेल्यात काय ठेवलं व्हतं?"

त्यांनी मागं वळून कुणी ऐकतंय का बघितलं. मग अगदी बारीक आवाजात म्हणतेत, "आमच्या बी पुतण्यानं सांगितलं व्हतं, खाडी तुंबणार म्हणून."

मी टोपी परत डोक्यावर ठेवली, म्हणलं, तुमी हळदीचं बोलू नका, मी वरणाचं बोलत न्हाई, आन् पाच मिन्टात अक्षता पडल्या. हे तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या, शब्द दिलाय मी. म्हणून तर आजवर समदं गाव एकट्या मलाच नाव ठेवतं. आता सांगा, चुकलं का माझं?

पंगती बसल्या. दोन गावचं वऱ्हाड पहिला घास घेऊन थांबलं आन् एकजात माझ्याकडं बघाय लागलं, त्यांला वाटलं ह्याच्याच हळदीचा वास हातांना. इराकचं तेल पुढं कुणी नेलं, कुणाला पुरलं, ते तुमी भागवतला इचारा. माझी पोरगी समोर बसली व्हती, सासरचा पहिला घास हातात, व्याही-विहीणबाई धास्तावून उभे, आन् आता ती माझ्याकडं बघून राहिली व्हती... मग काय, वाढप्याला हाक मारली आन् वरण दोन बार मागून घेतलं.